करारभंग आणि कैद : कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढील एक जुना प्रश्न



कायद्याचे विद्यार्थी कायद्यातील कल्पनांकडे आणि चालू घडामोडींकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, या विषयावर बोलण्यास चालकांनी आम्हांस पाचारण केले आहे. ज्याने कायद्याच्या महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलेली नाही, त्याने या विषयात तोंड का घालावे, असे कोणाच्या मनात आल्यास ते स्वाभाविक आहे. आमचे उत्तर इतकेच की, कायदा हा जसा शिकणाऱ्याचा असतो तसा तो ज्याच्यावर चालतो त्याचाही असतो. आमचे कायद्याचे शिक्षण कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, समेट अधिकाऱ्याच्या कचेरीत आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. तेथे तीस वर्षे काढल्यावर कलमांचे आकडे पाठ झाले नाहीत तरच नवल.

अलीकडे सुट्टीच्या दिवसांत कायद्याचे दोन-चार विद्यार्थी व विद्यार्थिनी आमच्या संघटनेच्या कचेरीत काम पाहावयास येतात. मुले हुशार असतात. मागणीपत्राचा मसुदा आमच्यापेक्षा नीटनेटका करतात, आणि चहाचे पेले स्वतः विसळून ठेवतात. त्या प्रत्येकास आम्ही पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो : संप करणे हा कामगाराचा हक्क आहे काय? उत्तरे साधारण तीन प्रकारची येतात. एक म्हणतो, “काका, नोकरी हा करार आहे, मध्येच काम सोडणे म्हणजे करारभंग. त्याला हक्क कसे म्हणावे?” दुसरी म्हणते, संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे, तेव्हा संपाचा हक्क त्याच्या पोटात आलाच पाहिजे. तिसरा अधिक सावध असतो. तो म्हणतो, कलमात दिलेली सूचनेची मुदत पाळली असेल तर हक्क, नसेल तर गुन्हा.

तिन्ही उत्तरांस पुस्तकाचा आधार आहे, म्हणून आम्ही कोणास चूक म्हणत नाही. परंतु या तिन्ही उत्तरांच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे आणि तो बहुधा वर्गात विचारला जात नाही. प्रश्न असा : दोन माणसांनी करार केला आणि एकाने तो मोडला, तर दुसऱ्यास नुकसानभरपाई मिळते, मग कामगाराने मोडलेल्या करारापाठीमागे तुरुंग कोठून आला? आज आम्ही या एका प्रश्नाचा इतिहास आपणांपुढे मांडणार आहोत. कायद्याची कल्पना आणि बाहेरची घडामोड यांचे नाते त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

आरंभ १८५९ सालापासून करावा लागतो. त्या वर्षी हिंदुस्थानात तेरावा कायदा झाला. कारागीर, कामकरी व मजूर यांनी आगाऊ पैसे घेऊन काम सोडल्यास त्यांस शासन करावे, हा त्याचा हेतू होता. कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील कारखानदार आणि व्यापारी यांचे अशा करारभंगामुळे नुकसान होते, हे कारण त्यात दिले होते. मालकाने तक्रार करावी. मॅजिस्ट्रेटने मजुरास पकडून आणवावे. घेतलेले पैसे परत कर किंवा कबूल केलेले काम पुरे कर, असा हुकूम द्यावा. आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची कैद द्यावी, अशी ही व्यवस्था. मालकाने मजुरी बुडविली तर त्याला मात्र या कायद्यात कैद नव्हती. पुढे हा कायदा तीन शहरांबाहेरही लागू झाला, आणि आसामच्या चहाच्या मळ्यांत मजूर बांधून ठेवण्यास त्याचा भरपूर उपयोग करण्यात आला.

यानंतर तेरा वर्षांनी, १८७२ साली, कराराचा सर्वसाधारण कायदा झाला. त्याचे ७३ वे कलम कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घोकलेले असते. करार मोडला तर मोडणाऱ्याने भरपाई द्यावी, एवढेच ते सांगते. पुढे १८७७ साली आणखी एक कायदा आला. ज्या कराराची पूर्तता माणसाच्या व्यक्तिगत सेवेवर अवलंबून आहे, तो करार न्यायालय जबरीने पुरा करवून घेणार नाही, असे तत्त्व त्यात होते. या तत्त्वाचे उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांना आजही एका गायिकेचा लंडनमधील खटला शिकवतात. योहाना वाग्नर नावाची ही गायिका एका नाटकगृहाशी करार करून दुसरीकडे गावयास निघाली होती. १८५२ साली न्यायालयाने तिला दुसरीकडे गाण्यास मनाई केली. परंतु पहिल्या नाटकगृहात तिने गायलेच पाहिजे, असा हुकूम देण्याचा अधिकार आपणांस नाही, असे सांगितले. माणसाच्या गळ्यातून न्यायालय गाणे काढू शकत नाही, ही गोष्ट कोणासही पटेल.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. गायिकेस गावयास लावता येत नव्हते, पण सुतारास रंधा मारावयास लावता येत होते. व्यापाऱ्याने करार मोडला तर त्याची किंमत रुपयांत होती. मजुराने मोडला तर ती महिन्यांत होती. दोन्ही कायदे एकाच सरकारचे, एकाच काळी अमलात असलेले. मुंबईत १८५५ पासून कायद्याचे वर्ग चालू होते आणि १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले होते. त्या वर्गांतून मोठमोठे वकील व न्यायाधीश बाहेर पडले. तरीही ही विसंगती दीर्घकाळ टिकली, कारण ज्याच्यावर ती पडत होती तो वर्गात बसत नव्हता, आणि जो वर्गात बसत होता त्याच्यावर ती पडत नव्हती.

इंग्लंडात निराळे घडले. तेथेही मालक-नोकर कायद्याखाली करार मोडणाऱ्या कामगारास तुरुंग दाखवीत असत. परंतु तेथे कामगारांच्या संघटना उभ्या राहिल्या, शहरांतील कामगारांस १८६७ साली मत मिळाले, आणि आठ वर्षांतच, १८७५ साली, पार्लमेंटने नोकरीचा करारभंग सर्वसाधारणपणे गुन्ह्यांच्या यादीतून काढून टाकला. पाणी व धूरदिव्याचा वायू पुरविणाऱ्यांसारखे थोडे अपवाद तेवढे ठेवले. त्याच १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हे या व्यासपीठावरून सांगताना आम्हांस विशेष वाटते. रानडे स्वतः मुंबई विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर. शिकलेल्यांनी आपले ज्ञान गावापुढे मांडावे आणि गावाने ते पारखून घ्यावे, ही या मालेची परंपरा आहे. इंग्लंडात १८७५ साली रद्द झालेली कैद हिंदुस्थानात १९२५ साली रद्द करण्यात आली. एकाच साम्राज्यात एकच तत्त्व लंडनहून मुंबईस पोहोचावयास पन्नास वर्षे लागली.

या पन्नास वर्षांत येथे काय चालले होते, तेही पाहिले पाहिजे. लोकमान्य टिळक १८७९ साली कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले. वकिलीची सनद घेऊन ते कोर्टात उभे राहिले नाहीत. परंतु वकिलीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पुण्यात वर्ग चालविला. १८९७ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा सारा वाद एका शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपला. सरकारविषयी अप्रीती म्हणजे काय? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीस सांगितले की, प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती. असा अर्थ केल्यावर सरकारवर प्रेम नसणारा प्रत्येक मनुष्य गुन्हेगार ठरतो, हे सांगावयास पदवी लागत नाही. कायद्यातील एखाद्या शब्दाची व्याप्ती किती धरावयाची, यावर माणसाची कैद अवलंबून असते, हा धडा त्या खटल्याने साऱ्या महाराष्ट्रास दिला.

१९०८ साली टिळकांस दुसऱ्यांदा शिक्षा झाली, ती सहा वर्षांची. त्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. या कामगारांस त्या काळी कायदेशीर संघटना नव्हती, संपाचा निधी नव्हता, आणि १८५९ चा कायदा अजून पुस्तकात होता. बहुतेकांस अक्षरओळखही नव्हती. राजद्रोहाचे १२४-अ हे कलम त्यांनी वाचलेले नव्हते. त्या कलमाविषयी त्यांचे मत मात्र ठाम होते. कायद्याविषयी मत बनविण्याचा अधिकार कायदा शिकलेल्यांपुरताच असतो, असे मानणाऱ्यांनी हे सहा दिवस आठवावे.

कैदेचा कायदा जाण्याच्या सुमारास दुसरे एक शस्त्र पुढे आले. १९२० च्या अखेरीस मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांत तंटा झाला. तेथील संघटनेचे पुढारी बी. पी. वाडिया व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध कंपनीने मद्रास हायकोर्टात दावा लावला. कामगारांस करार मोडण्यास यांनी चिथावले, सबब यांनी नुकसान भरून द्यावे, असा तो दावा होता, आणि कोर्टाने पुढाऱ्यांस मनाई हुकूम दिला. संघटनेचे कामच करार एकत्रितपणे थांबविणे हे असेल, तर अशा दाव्यांपुढे कोणती संघटना टिकणार? आपल्या कुलाबा जिल्ह्यातले नारायण मल्हार जोशी हे त्या वेळी मध्यवर्ती कायदेमंडळात होते. १९२१ साली त्यांनी कामगार संघटनांची नोंदणी व संरक्षण यांसाठी कायदा करावा असा ठराव मांडला, आणि पाच वर्षांच्या खटपटीनंतर १९२६ चा कायदा झाला. त्याच्या १७ व्या कलमाने नोंदलेल्या संघटनेच्या योग्य कार्यास फौजदारी कटाच्या आरोपापासून संरक्षण मिळाले, आणि १८ व्या कलमाने अशा दिवाणी दाव्यांपासून. जोशी हे वकील नव्हेत, शिक्षक होते. चालू घडामोड काय मागते आहे, हे त्यांनी ओळखले आणि ते कायद्याच्या भाषेत मांडले.

अशा रीतीने १९२६ पर्यंत हिशेब साफ झाल्यासारखा दिसत होता. करारभंगाबद्दलची कैद गेली. कटाचा आरोप गेला. नुकसानभरपाईचा बडगा गेला. परंतु तीनच वर्षांनी, १९२९ च्या कायद्याने, सार्वजनिक उपयोगाच्या सेवांत सूचनेविना केलेल्या संपास शिक्षा आली. आणि १९३८ साली मुंबई इलाख्यात ती सर्व उद्योगांच्या दारी येऊन उभी राहिली.

१९३८ चा हा प्रसंग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मुळापासून अभ्यासावा असा आहे. मुंबईत त्या वेळी लोकांनी निवडून दिलेले मंत्रिमंडळ होते. त्या वेळच्या पदनामाप्रमाणे पंतप्रधान असलेले बाळासाहेब खेर हे सॉलिसिटर, आणि गृहमंत्री कन्हैयालाल मुनशी हे हायकोर्टातील नामांकित वकील. सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. संपाअगोदर सूचना, वाटाघाट आणि समेट हे टप्पे पार पाडलेच पाहिजेत, आणि तत्पूर्वी केलेला संप बेकायदा ठरून शिक्षेस पात्र होईल, असे त्याचे स्वरूप होते. सरकारची बाजू अगदीच लटकी नव्हती. संप लांबला की पहिली उपासमार कामगाराच्याच घरी होते. तेव्हा आधी बोलणी करावी, यात वावगे काय, असे ते विचारीत. आम्ही स्वतः कित्येक संप बोलण्यांनी टाळले आहेत, म्हणून या युक्तिवादाचे वजन आम्ही जाणतो.

विरोधी बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९२८-२९ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक होते; १९३५ पासून त्याच कॉलेजचे ते प्राचार्य झाले, आणि हे विधेयक येण्यापूर्वी काही महिनेच त्यांनी ते पद सोडले होते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. वर्गात न्यायशास्त्र शिकविणारा हा मनुष्य मुंबईच्या चाळीत राहिलेला होता, त्यामुळे त्यास कायद्याची व्याख्या आणि गिरणीचा भोंगा या दोहोंची ओळख होती. सप्टेंबर १९३८ मधील आपल्या भाषणात त्यांनी विधेयकाच्या कलमांस हात घालण्याआधी मूळ कल्पनेसच हात घातला. संप म्हणजे काय? नोकरीच्या कराराचा भंग, याहून अधिक काही नाही. करारभंग हा दिवाणी अपराध. त्याचा उपाय भरपाई. त्यास फौजदारी गुन्हा ठरविणे म्हणजे मनुष्यास त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे, आणि इच्छेविरुद्ध राबविलेल्या मनुष्यास गुलाम याखेरीज दुसरे नाव नाही. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव होय. जे राष्ट्रासाठी स्वातंत्र्य मागतात त्यांनी ते कामगारास नाकारू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता.

आमच्याकडे येणारा पहिला विद्यार्थी म्हणतो, संप हा करारभंग आहे, म्हणून तो हक्क नव्हे. आंबेडकर त्याच वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावरून नेमके उलट अनुमान काढतात. संप हा करारभंग आहे आणि केवळ करारभंगच आहे. म्हणूनच त्याच्या पाठीमागे पोलीस धाडता येणार नाही. पुस्तक एकच, कलम एकच. फरक पडला तो कलमाचे टोक कोणाच्या अंगाला लागते हे पाहणाऱ्या दृष्टीमुळे. त्या सभागृहात दोन्ही बाजूंस कायद्यात मुरलेली माणसे होती, ही गोष्ट लक्षात ठेवावी. कायद्याचे ज्ञान असले म्हणजे मनुष्य आपोआप एका बाजूस जातो, असे होत नाही.

विधेयक मंजूर झाले. त्याच्या निषेधार्थ ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि डाव्या कामगार संघटना यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. दलित कामगारांचे पुढारी आणि गिरण्यांतील साम्यवादी पुढारी एका व्यासपीठावर आल्याचा हा दुर्मिळ दिवस. कायद्यातील एका कल्पनेच्या अर्थासाठी कामगारांनी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडले, असेही त्याचे वर्णन करता येईल.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न राज्यघटनेच्या आश्रयाने पुन्हा उभा राहिला. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने संघटना स्थापन करण्याचा हक्क दिला. आमची दुसरी विद्यार्थिनी म्हणते त्याप्रमाणे त्यात संप आपोआप येतो काय, हा प्रश्न बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि १९६१ साली न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. पुढल्याच वर्षी बिहारच्या सरकारी नोकरांच्या खटल्यात, शांततेने निदर्शने करता येतील, परंतु संपाचा मूलभूत हक्क नाही, असा निकाल झाला. २००३ साली तमिळनाडू सरकारने दीड लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांस संपाबद्दल एकदम बडतर्फ केले. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी नोकरांस संपाचा नैतिक हक्कदेखील नाही, असे म्हटले. मूलभूत हक्क कोणता हे न्यायालयाने सांगावे, ते त्याचे कामच आहे. नीतीचा निर्णय मात्र सर्वांनी मिळून करावयाचा असतो, आणि त्या निर्णयात कायद्याच्या विद्यार्थ्याचे मत आम्हांस मोलाचे वाटते.

याच न्यायालयाने एकदा करार या कल्पनेचा गाभा उलगडून दाखविला, तेही येथे सांगितले पाहिजे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत मोठी बांधकामे चालली होती आणि तेथील मजुरांस किमान वेतनाहून कमी पैसे हातात पडत होते. एका लोकशाही हक्क संघटनेने तीन समाजशास्त्रज्ञांकडून पाहणी करविली आणि त्या अहवालाच्या आधारे न्यायमूर्ती भगवती यांस पत्र लिहिले. त्या पत्रासच अर्ज मानून न्यायालयाने त्या वर्षीच्या सप्टेंबरात निकाल दिला. मजुराने कमी मजुरी स्वतःच कबूल केली होती, मग जबरी कोठे झाली, हा प्रश्न होता. न्यायालय म्हणाले, पोटाची भूक हीसुद्धा जबरीच आहे. किमान वेतनाहून कमी पैशांत राबणारा मनुष्य खुशीने राबत नाही. ती २३ व्या अनुच्छेदाने मना केलेली वेठ होय. सुतारास रंधा मारावयास लावणाऱ्या १८५९ च्या कायद्यापासून या निकालापर्यंत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. ते अंतर काटण्यास बांधकामावर जाऊन मजुरांशी बोलणारी तीन माणसे कारणीभूत झाली.

आता आजच्या घडामोडीकडे येऊ. औद्योगिक संबंध संहिता संसदेने २०२० साली संमत केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. १९२६ चा संघटनांचा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक तंट्यांचा कायदा तिच्यात विलीन झाले. पूर्वी चौदा दिवसांच्या सूचनेचे बंधन सार्वजनिक उपयोगाच्या सेवांपुरते होते. आता ते सर्व औद्योगिक आस्थापनांस आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच. बेकायदा संप करणाऱ्या कामगारास एक हजार ते दहा हजार रुपये दंड, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकाने बेकायदा टाळेबंदी केली तर दंड पन्नास हजार ते एक लाख, आणि कैद तितकीच. कागदावर तराजू सरळ दिसतो. परंतु आमचा तिसरा विद्यार्थी जेव्हा म्हणतो की मुदत पाळली तर हक्क आणि न पाळली तर गुन्हा, तेव्हा १९३८ चा प्रश्न त्यास पुन्हा विचारावासा वाटतो : मुदत चुकली म्हणून दिवाणी चूक फौजदारी गुन्हा कशी होते? त्याने या प्रश्नाचे सरकारच्या बाजूने उत्तर दिले तरी आमची तक्रार नाही. प्रश्न त्याच्या मनास शिवला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

आणखी एक शब्द आम्ही या मुलांपुढे ठेवतो. आपल्या शहरात संध्याकाळी दुचाकीवरून घरोघर जेवणाची पुडकी पोहोचविणारी पोरे आपण पाहता. ज्या कंपन्यांसाठी ती पळतात त्या त्यांस कामगार म्हणत नाहीत, भागीदार म्हणतात. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे आणि तोही वर्गात शिकवितात. भागीदार म्हणजे नफ्यात वाटा असणारा, हिशेबाची वही पाहण्याचा अधिकार असणारा. या पोरांस नफ्यात वाटा नाही, वही कोठे आहे ते ठाऊक नाही, आणि एखाद्या दिवशी भ्रमणध्वनीवरील खाते बंद झाले की भागीदारी संपते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामाची नोंद घेतली, राजस्थानने २०२३ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. परंतु हा मनुष्य नोकर की भागीदार, हा मूळ प्रश्न सुटलेला नाही. उद्या तो सोडविणारे वकील आणि न्यायाधीश आज कोठल्या तरी महाविद्यालयात बसलेले आहेत.

महाविद्यालयांत अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा होतात. आम्ही एकदा श्रोते म्हणून गेलो होतो. चिठ्ठी टाकून बाजू ठरते. सकाळी मालकाच्या बाजूने बोललेला मुलगा दुपारी कामगाराच्या बाजूने तितक्याच हिरिरीने बोलतो. ही तालीम फार चांगली, कारण दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याइतक्याच ताकदीने मांडता आल्याशिवाय आपले म्हणणे पक्के होत नाही. आम्हीही आमच्या कार्यकर्त्यांस वाटाघाटीपूर्वी व्यवस्थापनाची बाजू मांडावयास लावतो. परंतु फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मनुष्यास त्याची बाजू चिठ्ठीने मिळालेली नसते आणि दुपारी ती बदलता येत नाही. म्हणून तालीम झाल्यावर विद्यार्थ्याने त्या मनुष्यास एकदा भेटले पाहिजे.

तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांस आमची विनंती अशी की, कोणतीही कल्पना शिकताना तिला तीन गोष्टी विचाराव्यात. हा शब्द कायद्यात कोणाच्या मागणीवरून आला? त्याचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो? आणि तो मोडला असता दोन्ही पक्षांचे सारखेच नुकसान होते काय? १८५९ च्या कायद्यास हे प्रश्न विचारले असते तर तो एक दिवसही टिकू नये असा होता. तो सहासष्ट वर्षे टिकला, हे त्या काळच्या शिकलेल्यांनी ते प्रश्न पुरेशा जोराने न विचारल्याचे प्रमाण आहे.

आणि आपण नगरवासी श्रोत्यांसही एक विनंती आहे. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी कायदा शिकत असेल, तर रात्री जेवताना तिला त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील एक बातमी विचारा आणि त्यातील कायदा सांगावयास लावा. तिचे मत आपणांस पटलेच पाहिजे असे नाही. वाद झाला तर होऊ द्या. पण बातमीतील मनुष्य कोण आहे, तो काय काम करतो, त्याच्या हातात महिन्याला किती रुपये पडतात, हे तिला ठाऊक आहे की नाही, तेवढे जरूर विचारा. ठाऊक नसेल तर आमच्या कचेरीकडे पाठवून द्या. कचेरी रविवारीही उघडी असते.